गाळलेलं वाक्य

धाकट्या बहिणीने दार उघडलं आणि तिच्या तोंडाचा वास आला, तशी मी उंबऱ्यावरच थांबले. फार पिकलेल्या फळांचा असतो तसा वास. तो मी आधी एकदाच घेतला होता, ती शाळेत असताना. त्या दिवशी बाबा तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात धावले होते. तेव्हापासून तिला रोज इन्सुलिन लागतं. ते बंद झालं तर ती जगत नाही, यात मताबिताचा प्रश्नच नाही.

"कधीपासून घेतलं नाहीस?"

"ताई, आत तरी ये." पाण्याची बाटली तिने तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. "शुक्रवारपासून. आज रविवारच्या उपासनेत माझी साक्ष आहे ना. बरी झाले म्हणून सांगायचंय सगळ्यांना."

"बरी झालीस? आरशात बघितलंयस का स्वतःला?"

"बघायचं नसतं, मानायचं असतं," ती म्हणाली. हे बोलणं तिचं नव्हतं, आमच्या चर्चच्या नव्या पाळकांचं होतं.

मी त्यांना मनातल्या मनात साखरतोंडे म्हणायचे. बोलणं असं की ऐकतच राहावं. त्यांची शिकवण अशी, की ज्याचा विश्वास पुरा त्याला दुखणं शिवत नाही, आणि दुखणं राहिलंच तर विश्वासात कुठेतरी खोट आहे. धडधाकट माणसाला हे ऐकायला छान वाटतं. माझी बहीण मात्र रात्र रात्र उशीत तोंड खुपसून स्वतःतली खोट शोधत होती. मला इतका संताप यायचा की शिलाई मशीनवर बसले तरी टीप वाकडी पडायची.

मी फ्रिज उघडला. लोण्याशेजारचा तिचा औषधाचा कप्पा पुसून लख्ख केलेला होता. तेवढ्यात मेहुणे शर्टाची बटणं लावत बाहेर आले. मनाने निर्मळ माणूस, कुणाला साधं दुखवणार नाही. ते हात जोडून म्हणाले, "ताई, इथवर आलोय. आता तिला मागे ओढू नका."

"अहो, मरेल ती!"

"मला दवाखान्यात नेलंस तर माझ्या जबाबदारीवर सही करून उठून येईन," धाकटी म्हणाली. आणि ती खरंच आली असती, लहानपणापासून तशीच हट्टी आहे.

रस्त्याने ती दोनदा थांबून ओकली. मी तिची पाठ चोळत होते आणि दुसऱ्या हाताने माझी पर्स चाचपत होते. तिच्या इन्सुलिनची एक जादा बाटली माझ्या फ्रिजमध्ये कायम असते. सकाळी फोनवर तिचा आवाज ऐकल्याबरोबर ती मी सिरिंजसकट ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली होती. पण घेणारीच नको म्हणत असेल तर त्या बाटलीचा काय उपयोग?

मी शिवणकाम करते, भाषणं नाही. तरी बाबांच्या मागे मंडळीत विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची ठरलेली वाक्यं, सांगायचं काम माझ्याकडे आलं. आमची रीत अशी, की एकाने पुढे उभं राहून एक वाक्य म्हणायचं, मग सगळ्यांनी ते म्हणायचं, आणि सगळ्यांचं म्हणून होईपर्यंत पुढे जायचं नाही. एखादं पोर चुळबुळत राहिलं तरी बाबा थांबायचे. "कुणाला मागे टाकून जायचंय देवाकडे?" म्हणायचे.

साखरतोंड्यांनी त्यातलं प्रभूबद्दलचं एकच वाक्य गाळायला सांगितलं होतं. त्याने दुःख सोसलं, त्याला वधस्तंभावर खिळलं, तो मरण पावला, त्याला पुरलं. जिंकलेल्यांनी हरल्याची भाषा कशाला बोलायची, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही कुरकुरत का होईना, गाळत आले होते. एक टाका सुटला तर काय बिघडतं, असं मी गिऱ्हाइकाला कधी म्हटलं नसतं. इथे मात्र तेच केलं होतं, आणि त्याच भोकातून माझी बहीण चालली होती.

पाळक दारातच भेटले. "आज आपल्या बहिणीच्या कानावर फक्त विजय पडू दे हं, ताई," ते हसून म्हणाले. "जमत नसेल तर दुसरं कुणी सांगेल." मी नुसती मान हलवली.

मी पुढे जाऊन उभी राहिले. धाकटी पहिल्या बाकावर होती. ओठ सुकलेले, श्वास खोल आणि भराभर. सुरुवातीची वाक्यं म्हणून झाली. मरियेपोटी जन्मला, इथपर्यंत सगळे माझ्या मागे आले. मग मी म्हटलं, "त्याने दुःख सोसलं."

कुणीच बोललं नाही.

"पुढचं, ताई," पाळक हळूच म्हणाले.

एवढी माणसं, सगळी ओळखीची, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर मी काहीतरी घाण केल्यासारखं. मी पुन्हा म्हटलं, "त्याने दुःख सोसलं." आवाज चिरका निघाला. पाळक उठले. त्यांनी माझा दंड धरला, तशी मी तिसऱ्यांदा म्हटलं, जवळजवळ ओरडलेच, आणि रीतीप्रमाणे वाट बघत उभी राहिले. ते ओढत होते आणि मी हलत नव्हते. मला पाळकांपेक्षा तिच्या श्वासाची भीती वाटत होती.

"त्याने..." धाकटीचा आवाज. कोरडी जीभ तिला वळवता येत नव्हती. "त्याने दुःख सोसलं." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "ताई, त्याचा पण विश्वास कमी होता का गं?"

पाळकांच्या हातातून माझा दंड सुटला. "नाही गं बाई," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. "कमी नव्हता. तरी सोसलं त्याने. तुझ्यात खोट नाहीये."

"मग सुई दे इकडे. रस्त्याने पर्स चाचपत होतीस ना."

मी पर्स तिच्या मांडीवर उलटी केली. बाटलीत सिरिंज खुपसायला गेले तर हात थांबेनात. "म्हणे शिवणकाम करते," ती पुटपुटली आणि तिने स्वतःच औषध भरून टोचून घेतलं. मग ती बाकावर आडवी झाली. मेहुण्यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि ते दवाखान्याकडे धावत सुटले. मी मागे. मागून कुणीतरी ते वाक्य पुढे म्हणायला लागलं होतं, कोण ते बघायला मी थांबले नाही.

डॉक्टरांनी काचेचं दार लावून घेतलं. वेळेवर आणलंत का ते संध्याकाळी कळेल, एवढंच म्हणाले. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो.

"ताई, ते मरणातून उठला ते वाक्य म्हणा ना," मेहुणे म्हणाले.

"आधी मागचं म्हणा."

त्यांनी म्हटलं. खिळलं, मरण पावला, पुरलं, एकेक शब्द हुंदका आवरत. त्यानंतरचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. आत ती कशी आहे हे कळल्याशिवाय ते म्हणायचं माझं धाडसच होत नव्हतं.

उन्हं कलल्यावर नर्स दार ढकलून बाहेर आली. "ताई कोण इथे? शुद्धीवर आलीय ती. पण काय बोलतेय कळत नाही. म्हणते, ताईला विचारा, पुढचं वाक्य कुठे अडलंय? मी केव्हाची थांबलेय."