गव्हर्नरबाईंनी वळवलेलं जहाज

१९९५च्या जानेवारीत उपासना मेश्राम मालेवा बेटावर उतरली ती दोन-तीन आठवड्यांत परत जायचं ठरवूनच. मूळची नागपूरची, ह्यूस्टनला समुद्रविज्ञानात पीएच.डी. करणारी. धक्क्यावर भरती-ओहोटी मोजण्याचं यंत्र बसवायचं, ते नीट चालतंय याची खात्री करायची आणि निघायचं, एवढंच काम होतं.

मालेवा म्हणजे पॅसिफिकच्या मध्यावर अमेरिकेच्या ताब्यातलं एक डोंगराळ बेट, आणि त्याच्यापासून बोटीनं अर्ध्या दिवसावर ताफू नावाची एक सपाट वाळूची पट्टी. इथल्या लोकांना राष्ट्राध्यक्ष निवडायला मत नव्हतं. गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जाई, आणि आजवर तो बाहेरचाच असे. या खेपेला पहिल्यांदाच बेटावरच जन्मलेल्या बाई नेमल्या होत्या. एस्तर कामो. त्याआधी त्या बेटावरच्या एकुलत्या एका हॉस्पिटलात हेड नर्स होत्या.

धक्क्यावर यंत्र बसवायला गव्हर्नरची सही लागत होती. साहेब म्हटलं की दाराशी शिपाई आणि बाहेर ताटकळणारी माणसं, हे उपासनाने लहानपणापासून पाहिलेलं. पुस्तक बरोबर घेऊनच ती ऑफिसात गेली. तिथे कळलं, बाई धक्क्यावर आहेत. हॉस्पिटलचा जनरेटर उतरत होता आणि तो आडवा टाकू नका म्हणून बाई जहाजाच्या कॅप्टनशी हुज्जत घालत होत्या. जाड अंगाच्या, साठीच्या, पायात रबरी चपला. त्यांनी कागद एका खोक्यावर ठेवून सही केली आणि विचारलं, "राहतेस कुठे?" बेटावर हॉटेल नव्हतं. त्या दिवसापासून उपासना टेकडीवरच्या सरकारी बंगल्यातच राहायला गेली.

तिथे तिला गव्हर्नरचं काम जवळून दिसलं. सकाळी वॉशिंग्टनला फोन. पलीकडे कुणी नवा माणूस असला, की हे बेट कुठल्या महासागरात आहे इथपासून सुरुवात. दुपारी जमिनीची भांडणं. एकदा दोन भाऊ नीरफणसाच्या झाडावरून भांडत आले, तर बाई उठून झाड बघायलाच गेल्या आणि तिथेच बसून दोघांचं ऐकून घेतलं. निकाल कुणाच्याच मनासारखा लागला नाही, पण दोघंही बाईंना घराच्या वाटेवर सोडायला आले. उपासनाने ह्यूस्टनजवळ शुगर लँडला धर्मराजकाकांना फोन करून हे सगळं सांगितलं. काका तिच्या वडिलांचे मित्र, तेलकंपनीत इंजिनियर. तिचं अमेरिकेतलं माहेर म्हणजे त्यांचंच घर.

यंत्र चालू झालं आणि त्याच आठवड्यात चक्रीवादळाची बातमी आली. वादळ थेट ताफूच्या रोखाने येत होतं. बाईंनी उपासनाला बोलावून विचारलं, पाणी किती चढेल?

उपासनाने हिशेब केला होता, पण तो उच्चारायला तिची जीभ रेटेना. वादळ भरतीच्या वेळी आलं तर पाणी ताफूवरून आरपार जाईल. वाट बदलली तर काहीच होणार नाही. ती बरेच जर-तर सांगत राहिली. बाईंनी ते शांतपणे ऐकलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तू चुकशील, हे मला माहीत आहे. तरी तुला काय वाटतं तेच मला सांग. त्याचं पुढे काय करायचं, ते माझं काम आहे."

"तिथे माणसं राहू नयेत," उपासना म्हणाली.

ताफूवर शंभरेक माणसं होती. ती सगळी आणता येतील असं एकच जहाज बंदरात उभं होतं. ते वॉशिंग्टनच्या एका खात्याचं होतं, आणि त्यांच्या परवानगीशिवाय ते हलवता येत नव्हतं. तिकडे रविवार होता. बाईंनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा आन्सरिंग मशिन लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी सावकाश, नाव सांगून निरोप ठेवला की जहाज मी नेते आहे. मग कॅप्टनला तसं लिहून दिलं आणि स्वतः जहाजावर चढल्या. उपासनाही बरोबर गेली.

ताफूच्या लोकांनी मात्र यायला नकार दिला. गावचा म्हातारा मुखिया आदल्या दिवशी वारला होता आणि त्याला अजून पुरलं नव्हतं. पुरायचं तर तीन दिवसांचे विधी. त्याला टाकून कुणी हलणार नव्हतं. कॅप्टन म्हणाला, तुम्हाला हुकूम काढता येतो, काढा. बाईंनी हुकूम काढला नाही. त्या चर्चमध्ये चटईवर प्रेताशेजारी जाऊन बसल्या. बाहेर वारा वाढत होता. उपासनाला एकेक मिनिट जड जात होतं, पण बाईंनी आधी म्हाताऱ्याबद्दल विचारलं, त्याच्या आजारपणात हॉस्पिटलात त्यांनीच त्याला जेवू घातलं होतं त्याची आठवण काढली, आणि मग म्हणाल्या, त्यालाही घेऊन चला. टेकडीवर माझ्या बंगल्याच्या आवारात पुरू, विधी तिथे करू.

म्हाताऱ्याचा मुलगा पाऊलो म्हणाला, "तुम्ही उद्या गव्हर्नर नसाल. पुढचा येईल तो त्याला उकरून बाहेर काढेल."

"म्हणून तेवढी जमीन आजच तुमच्या नावावर करते. तो अधिकार मला आहे. फार थोडे अधिकार आहेत, त्यातला तो एक."

त्यांनी तिथेच तसा कागद केला. पाऊलोने तो वाचून घेतला, भावांकडे पाहिलं आणि प्रेत उचलायला वाकला. बाईंनीही एका बाजूने खांदा दिला. अंधार पडायच्या आत सगळं गाव जहाजावर होतं.

आणि वादळ वळलं. ताफूवर चार छपरं उडाली, पाणी घरांच्या पायरीपर्यंतही आलं नाही.

यंत्राचे वादळातले आकडे तपासायला उपासना बेटावरच थांबली होती. महिन्याभरात वॉशिंग्टनहून चौकशीला तिघं आले. विनापरवाना जहाज नेलं, सरकारी जमीन देऊन टाकली, आणि तेही न आलेल्या पुरासाठी. उपासनाचे प्रोफेसर फोनवर म्हणाले, तू यात पडू नकोस. तिला व्हिसाची धास्ती होती. तिने धर्मराजकाकांना फोन केला. काका म्हणाले, "व्हिसाचं बघू गं, इथे वकील आहेत. पण त्या बाई एकट्या उभ्या आहेत ना तिथे?"

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. पाण्याचा अंदाज कुणी दिला, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "अंदाज मी मागितला होता. तो चुकू शकतो हेही मला सांगितलं होतं. जहाज मी नेलं." त्यांनी नाव घेतलंच नाही. तेव्हा उपासना मागच्या बाकावरून उठली. ती म्हणाली, अंदाज माझा होता, आणि तसंच वादळ पुन्हा आलं तर मी हेच सांगेन. तिघांपैकी एकाने तिचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. बाई तिच्याकडे बघून हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. फक्त बाजूची खुर्ची थोडी सरकवून तिला जागा करून दिली.

उपासनाच्या व्हिसाला काही झालं नाही. बाईंची मुदत मात्र वाढवली गेली नाही. जमिनीचा कागद कायद्याने पक्का होता, तो मोडता आला नाही. वर्षअखेरीला बाई बंगला सोडून पुन्हा हॉस्पिटलात लागल्या, या वेळी रात्रपाळीला, कारण दिवसाची जागा भरलेली होती.

१९९८मध्ये उपासना डॉक्टरेट संपवून शुगर लँडला काकांकडे राहत होती, तेव्हा मालेवाजवळ दुसरं वादळ आलं. ते वळलं नाही. पाणी ताफूवरून आरपार गेलं, एक घर उरलं नाही. चार दिवस फोन लागत नव्हता. पाचव्या दिवशी एस्तरबाईंचाच फोन आला.

"सगळे आहेत," त्यांनी आधी तेच सांगितलं. नवा गव्हर्नर तरुण होता. वादळाची बातमी आली त्याच दिवशी त्याने जहाज पाठवलं, आणि कुणी त्याला त्याचा जाब विचारला नाही. पाऊलोने घरोघर फिरून लोकांना बाहेर काढलं. आता लोक घरं उभारायला ताफूवर परतलेत, पण विहिरीत खारं पाणी शिरलंय, दोन म्हाताऱ्यांना खोकला आहे आणि बाई स्वतः उद्या औषधं घेऊन बोटीने तिकडे जाणार आहेत.

उपासनाला रडू फुटलं. स्वयंपाकघरातून काका बाहेर आले आणि तिचा चेहरा बघून जागीच थांबले.

"रडतेस काय?" फोनवरून बाई म्हणाल्या. "खारावलेली विहीर उपसायला किती दिवस लागतात, ते सांग मला."

उपासनाने डोळे पुसले आणि कागद-पेन्सिल जवळ ओढली.