मेंढीचं की बकरीचं

डोळे मिटा. उजवा हात पाठीमागे न्या आणि तळहात उघडा. समजा, कुणीतरी त्यावर चामड्याचा एक तुकडा ठेवला आहे. न बघता, नुसता अंगठा फिरवून सांगायचं: मेंढीचं की बकरीचं?

तुम्हाला जमणार नाही. मलाही जमत नाही. पण देवासच्या सृष्टीच्या बाबांना जमायचं. बळवंतराव चामड्याच्या कारखान्यात माल निवडायचे. त्यांच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय एकही कातडं पुढे जात नसे. संध्याकाळी ते घरी आले की सृष्टी फ्रॉकच्या खिशातून चामड्याची कतरण काढायची. ते भिंतीकडे तोंड करून हात मागे धरायचे, उत्तर द्यायचे, मग मूठ समोर आणून उघडायचे आणि तुकडा बघून मिशीत हसायचे. एकदाही चुकले नव्हते.

दिवाळीनंतर त्यांना लकव्याचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं. उजवा हात हलायचाही. फक्त त्या हाताला काही कळायचं नाही. चहाचा कप बोटांतून निसटला, हे त्यांना तो फुटल्याच्या आवाजाने कळायचं. आई गावाच्या टेकरीवर जाऊन तिथल्या दोन्ही देवीमातांना नवस बोलून आली. सोमवारी कारखान्याचे डॉक्टर हात तपासणार होते. हाताला कळलं तर माल निवडायचं टेबल परत, नाहीतर कायमचं घरी.

रविवारी अक्षत आला. सृष्टीचा हा चुलतभाऊ इंदूरला इंजिनिअरिंग शिकत होता. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याने एक हातमोजा बनवला होता. प्रत्येक बोटात जुन्या मोबाइलमधली थरथरणारी इवलीशी मोटर शिवलेली आणि तारांचा जुडगा कम्प्युटरला जोडलेला. मोज्यातला हात हलला की पडद्यावरचा हात हलायचा. पडद्यावरच्या बोटाने तिथल्या चेंडूला स्पर्श केला की मोज्यात खऱ्या बोटापाशी थरथर व्हायची, जणू चेंडू समोरच आहे.

"हा ग्लोव्ह टच देतो," असं तो फोनवर म्हणाला होता. तेव्हापासून सृष्टी शाळेत सगळ्यांना सांगत सुटली होती, की माझ्या बाबांच्या हातात टच भरणार आहेत.

"दादा, पूर्ण भरेल ना? की थोडाच?"

तारा जोडता जोडता अक्षत थांबला. "अगं, ही काय पाण्याची टाकी आहे? पण रोज केलं तर नस जागी होऊ शकते. वाचलंय मी कुठेतरी."

"मागच्या परीक्षेच्या आधीही खूप वाचलं होतंस, भिया," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बळवंतराव मोठ्याने हसले. अक्षतने त्यांची बोटं एकेक करून मोज्यात सरकवली.

"काका, डोळे बंद. लागलं की सांगा बस."

कोपराला धरून त्याने त्यांचा हात पुढे नेला. पडद्यावरचा हात चेंडूला टेकला. काचेत अडकलेल्या माशीसारख्या मोटरी गुणगुणल्या.

"लागला!" बाबा म्हणाले.

सृष्टीने टाळी वाजवली. अक्षतने हात मागे घेतला, पुन्हा नेला. "लागला." पुन्हा नेला. "लागला." चौथ्या वेळी सृष्टीने टाळी वाजवली नाही. उत्तर देण्याआधी बाबांची मान जराशी मोज्याकडे कलत होती, दारावर कुणाची चाहूल घ्यावी तशी.

"आता फक्त अंगठा," अक्षत म्हणाला. त्याची नजर पडद्यावर होती. पडद्यावरचा अंगठा चेंडूत रुतला. खोलीत कसलाही आवाज नव्हता. अंगठ्याची तार सुटून खाली लोंबत होती.

"काका, आता?"

बाबांची मान पुन्हा मोज्याकडे कलली.

"हो. लागला. मऊ आहे."

अक्षतला तार दिसली. त्याने सृष्टीकडे पाहिलं.

"मशीन गरम झालं, काका. जरा थांबू या."

"येतंय रे हळूहळू," मोजा काढून देत बळवंतराव म्हणाले. "उद्या डॉक्टरांना सांगतो, येतंय."

अक्षत तारा गुंडाळत बसला. सुटलेली तार त्याने परत जोडली नाही.

तेवढ्यात बाबा उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि उजवा हात मागे नेऊन त्यांनी तळहात उघडला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

"चल सृष्टी. होऊन जाऊ दे."

सृष्टीच्या खिशात दोन तुकडे होते, एक मेंढीचा, एक बकरीचा. खिशात घातलेला हात तिने तसाच राहू दिला.

"ठेवला," ती म्हणाली.

बाबांचा अंगठा रिकाम्या तळहातावर फिरू लागला. सावकाश, अगदी पूर्वीसारखा, आधी उभा, मग आडवा. हात पुसत आलेली आई दारातच उभी राहिली.

"मेंढीचं," बाबा म्हणाले. मग भिंतीकडेच बघत, हळू आवाजात, "बरोबर ना गं?"

"बरोबर, बाबा."

त्यांचा हात समोर यायच्या आत सृष्टीने खिशातून मेंढीचा तुकडा काढला, त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटून दिली.