गोदूचे दोन अंगठे

अठ्ठावन्न सालची दिवाळी आठ दिवसांवर आली होती. मिठागराचा वर्षाचा खंड त्याआधी भरला नाही, तर इतक्या वर्षांचं मिठागर दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. गोदूला तीच काळजी. पैसे पनवेलच्या बँकेत होते, नवरा-बायको दोघांच्या नावावर. आणि नवरा काशिराम तर आषाढात वारला होता.

"वैनी, दादाचा पैसा आता माज्याकडं येनार," धाकटा दीर बळीराम सांगत होता. "खंड मी भरतो, माज्या नावावर. तू बस घरात." त्याच हिशेबाने तो बँकेत सोबत आला होता.

कारकून दिनानाथांनी मृत्यूचा दाखला वाचला आणि कपाटातून खात्याचं कार्ड काढलं. "बाई, काशिरामांनी खातं उघडतानाच लिहून दिलंय. पैसे दोघांपैकी कोणीही काढावेत, आणि एक गेलं तर जो मागे राहील त्याला मिळावेत. त्यांचं नाव कमी करतो. खातं तुमचं."

"आनि भावाचं काय?" बळीरामने विचारलं.

"भाऊ कार्डावर नाहीत."

गोदूने शाईचा अंगठा उठवला. दिनानाथांनी भिंग धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कार्डावर गोदूच्या नावापुढे नुसता गुळगुळीत काळा डाग. आजच्या अंगठ्यावर रेघ न् रेघ उमटलेली. "हा अंगठा तुमचा नाही!"

गोदूने वाकून कार्डावरचा डाग पाहिला. मग तिला एकदम उमगलं. "सायेब, तो वैशाखातला. मिठाच्या पान्यात रेघा झिजून जातात. पावसात मिठागर बंद, त्यात हे गेले, मी घरातच. नवी कातडी आली."

"असेल. पण तुम्हाला ओळखणारं कोणी हवं."

ओळखणारा एकच होता. गोदूने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

बळीरामही मिठागरातच राबलेला. तो आपलाच अंगठा निरखत राहिला. "झिजतात खऱ्या," तो शेवटी म्हणाला. "ही माजी वैनीच हाय. आय गेल्यावर हिनंच मला भरवलंय. लिवा."

बाहेर निघताना तो पुटपुटला, "खंड तूच भर. मला कामाला तरी ठेवशील ना?"

"उन्हं वर यायच्या आत आलास तर!"

तेवढ्यात दिनानाथ जुना अंगठा खोडताना दिसले, तशी ती लगबगीने मागे फिरली. "खोडू नका, सायेब. दोन्ही असू द्या. हा दिवाळीचा, तो वैशाखाचा. मी दोन्ही वेळेला येनार हाय."