विश्रांती कोण मोजतं

बँडमध्ये वाजवणं सोपं, गप्प बसणं अवघड, असं आत्या म्हणायची. नव्या रचनेत तिच्या हॉर्नच्या वाट्याला सूर थोडेच होते, बाकी नुसती विश्रांती, म्हणजे ठोके मोजत गप्प राहायचं. ती मोजत बसायची आणि संपताच नेमकी ठोक्यावर फुंकायची. निदान बाकीच्यांची तशी समजूत होती. वर्षभरापासून तिचा डावा कान कामातून गेला होता. मोजणी मध्येच कुठेतरी सांडायची. मग ती डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारच्या टेलरकाकांकडे बघायची. त्यांनी ट्रॉम्बोन उचलला, की ही हॉर्न उचलायची.

त्या रविवारी बँड बसवणाऱ्या भाच्याने खुर्च्या बदलल्या. व्यासपीठ अरुंद, म्हणून ट्रॉम्बोन थेट मागच्या रांगेत.

"आज जो चुकेल, तो कार्यक्रमात प्रेक्षकांत बसेल," तो म्हणाला. "मग आत्या असो की मामा."

"मामाला वाजवता येत नाही. तो तिथेच बसतो," आत्या म्हणाली.

तालीम सुरू झाली. विश्रांती आली, मोजणी सांडली. मान वळवली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. ती थांबून राहिली. फुंकायची जागा येऊन गेली. एकटा ढोल वाजत राहिला. भाच्याने हात खाली घेतले.

"आत्या?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला एका कानाने ऐकू येत नाही. मी टेलरकाकांकडे बघून वाजवते."

सगळ्या माना मागे वळल्या. टेलरकाकांनी ट्रॉम्बोन मांडीवर आडवा ठेवला.

"माझ्याकडे काय बघता? मीच आत्यांकडे बघून उचलतो. कापडाचं माप चुकत नाही हो, पण हे मोजणं मला कधी जमलंच नाही."

"मग इतके दिवस मोजत कोण होतं?" भाच्याने विचारलं.

"मला वाटायचं हे दोघं मोजतात," ढोलवाला म्हणाला. "मी यांच्याच भरवशावर."

शब्द पाळायचा तर तीन खुर्च्या रिकाम्या होत होत्या. भाच्याने थोडा वेळ कागद चाळले.

"आत्या, खुर्ची घे आणि मागे जा. काकांच्या शेजारी."

पुन्हा सुरू केलं. मोजणी पुन्हा सांडली. आत्याने उघडपणे मान वळवली. टेलरकाका तिच्याकडेच बघत होते. कोणी नजर काढली नाही. मग दोन्ही वाद्यं एकदम वर गेली, आणि सूर ठोक्यावर पडला. किंवा ढोलवाल्याने ठोका तिथे आणून ठेवला असेल. भाच्याने थांबवलं नाही.