बिनपाल्याची इर्जिक

"आक्का, तुझ्या नवऱ्याला ह्यो पाला इख, आनि आमच्या नवऱ्यास्नी औषद व्हय गं?"

नुरियानं चुलीतलं लाकूड पुढं सारत हे विचारलं आणि जुडी बांधणाऱ्या सार्तुचा हात जागच्या जागी थांबला. अजून उजाडायचं होतं. ओट्यावर ओलं पोतं पसरलेलं आणि त्यावर जिम्याच्या, म्हणजे गालात धरून चघळायच्या तरतरीच्या पाल्याच्या, लालसर देठांचे कोवळे शेंडे. सार्तु एकेक मूठ उचलून केळीच्या सोपटानं बांधत होती. नुरिया शेजारच्या बक्रीची बायको. मदतीला म्हणून आलेली, आणि आल्या आल्या ही अशी चटका देऊन मोकळी झाली.

"मग काय करू म्हंतीस?" सार्तु उसळली. "पाला न्हाई दिला तर तुझा बक्री यील का कुदळ घिऊन?"

"न्हाई येनार," नुरिया सरळ म्हणाली. "म्हनून तर दिऊ नगंस म्हनत न्हाई. निस्तं इचारलं."

आणि ती होजा ढवळायला लागली. कॉफीच्या पाल्याचा तो दुधाळ काढा रटरटत होता, पण सार्तुनं बांधलेली जुडी दोनदा हातातच सुटली.

आज तिच्या रानात इर्जिक होती, सारा गाव मिळून खणायला येणार होता. जिम्याच्या झाडांच्या ओळींमधली ज्वारी गवतानं गिळत आणली होती. डोंगरावर काळं आभाळ येऊन बसलेलं. ते फुटायच्या आत गवत खणून निघालं नाही तर यंदा कणगी रिकामी, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. इर्जिकीचा नेम मात्र पक्का. यजमानणीनं होजा द्यायचा, भाकरी द्यायची आणि जिम्याची जुडी द्यायची. पहिल्या दोन्हींत कमीजास्त चालतं, जुडीवाचून कुणी कुदळ उचलत नाही.

आणि तिच्या घरचा गडी, युया, ज्याच्या जोरावर साऱ्या गावाच्या इर्जिकी चालायच्या, तो गेला महिनाभर घोंगडीत बसून होता.

त्याचं दुखणं आधीच कळायला हवं होतं. छातीत आवळतंय असं तो कितीक दिवस म्हणत होता. पण आमच्या डोंगरात सगळ्या दुखण्याला औषध एकच. डोकं दुखलं, पाला खा. पाय भरून आले, पाला खा. युयानं गाल भरला आणि वर सिगारेट पेटवली. पाल्याची तार चढली की दुखणं दबायचं, दबलं की गडी आणखी खणायचा. शेवटी एका सकाळी झाडांच्या ओळीतच आडवा झाला. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं त्याला वाचवलं आणि सार्तुला बाजूला घेऊन सांगितलं, "हा जिम्याचा पाला आणि तंबाखू, दोन्ही मिळून काळजाच्या शिरा आवळतात. आता पुन्हा तोंडात घातलं, तर इकडं आणू नका. तिकडंच कबर खणा."

तेव्हापासून सार्तुच्या जिवाला थारा नव्हता. झोपेतसुद्धा तिचा डोळा युयाच्या गालावर. त्याचा सदरा हुंगायचा, खिसे चाचपायचे, झाडं सळसळली की हातातलं काम टाकून धावायचं. आणि झाडं तर ओट्यापासून डोंगरापर्यंत तिचीच! शेरडू पाल्यात बांधायचं आणि खाऊ नको म्हणून बजावायचं, त्यातली गत.

उन्हं आली तशी माणसं आली. कुदळी खांद्यावर, थट्टा तोंडात. म्हातारा उमरबाबा पुढं. वय झालं तरी इर्जिकीची ओळ तोच लावायचा. गडी ओळीत उभे राहिले आणि तांबड्या मातीची ढेकळं उलटायला लागले. वारा गार होता, धूळ डोळ्यांत जात होती. युया बांधावर घोंगडी पांघरून बसला. आपलंच रान दुसऱ्यांनी खणताना बघणं म्हणजे काय, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

पहिल्या विसाव्याला सार्तु जुड्यांची पाटी घेऊन निघाली. एकेकाच्या हातात जुडी ठेवताना नुरियाचं बोलणं कानात खटखट वाजत होतं. बक्रीपाशी ती थबकली. बक्री युयाचा चुलतभाऊ, गावातला सर्वांत टवाळ.

"आन की वैनी, हात का आखडतीस?"

तिनं दिली. दुसरं काय करणार?

बक्रीनं शेंडे खुडून गालात दाबले, वर सिगारेट पेटवली आणि युयाकडं बघून म्हणाला, "दादा, रिकामा गाल बरा दिसत न्हाई बग तुला. म्हशीनं रवंथ सोडल्यागत वाटतंय."

सगळे हसले. बक्रीनं एक कोवळा शेंडा युयापुढं धरला.

सार्तु पाटी टाकून धावली. "हात माघारी घे, बक्री!"

"अगं वैनी, येक शेंडा! शेंड्यानं कुनी मेलंय का?"

"मरता मरता ऱ्हायलाय, त्यो तुझ्यापुढं बसलाय की!"

युया त्या शेंड्याकडं बघत राहिला. त्याचा जबडा रिकामाच हलला. सार्तुला वाटलं, आता हा घेणार. पण युयानं मान फिरवली. "खा तू," तो म्हणाला. "म्या बगतो."

पुन्हा ओळ लागली. बक्रीची कुदळ सगळ्यांच्या पुढं. दुसऱ्या विसाव्याला मात्र तो बांधाला टेकला तो खांदा चोळतच. "होजाचा वायू धरलाय," असं म्हणून त्यानं उरलेला सगळा पाला एकदम गालात कोंबला आणि दुसरी सिगारेट काढली.

युया बघत होता. इतक्या गार वाऱ्यात बक्रीच्या कपाळावरून घाम निथळत होता. डावा हात मांडीवर लोळत पडलेला. युया ताडकन उठला, सिगारेट फटक्यानं उडवली आणि बक्रीच्या गालात बोटं घालून हिरवा चोथा ओढून काढला.

"याड लागलं का काय तुला!" बक्रीनं त्याला ढकललं. गडी मध्ये पडले. कुणी म्हणालं, स्वतःला मिळंना म्हणून दुसऱ्याच्या तोंडचं काढतोय. तेवढ्यात बक्रीचे गुडघे वाकले आणि तो ढेकळात बसला. तोंड राखेसारखं झालेलं.

"ह्येच मला झाल्तं," युया ओरडला. "वायू न्हाई त्यो. बाज आना!" आणि डॉक्टरीणबाईनं अडीअडचणीला दिलेली गोळी त्यानं सदऱ्यातून काढून बक्रीच्या तोंडात घातली. "ही चावून खा. लई चावायची हौस हाय न्हवं तुला? मग ही चाव!"

तरण्या पोरांनी बाज उचलली आणि सडकेकडं पळत सुटली. नुरिया चुलीवरून धावत आली. तिनं आधी बक्रीकडं बघितलं, मग तो चोथा पडला होता तिकडं, मग सार्तुकडं. पदर खोचला आणि बाजेमागं पळाली. चार शिव्या घातल्या असत्या तर सार्तुला बरं वाटलं असतं.

रान अर्धं राहिलं होतं. आभाळ आणखी खाली उतरलेलं. गडी कुदळी टेकून उभे होते. शेवटी उमरबाबा खाकरला.

"नशिबात आसल तसं हुईल. पोरी, पाला आन. हात ढिलं पडल्यात."

सार्तुनं पाटीकडं बघितलं. "न्हाई."

"काय न्हाई?"

"पाला न्हाई. होजा हाय, भाकरी हाय. हवी तितकी खावा. ह्या हातानं आता जुडी न्हाई देनार बाबा."

"आगं, पाल्याबिगर गडी उभा ऱ्हातोय का? तुझी जवारी जाईल!"

"जाऊ दे. जवारीच जाईल न्हवं?"

गडी एकमेकांकडं बघायला लागले. मग एकानं कुदळ खांद्यावर टाकली, त्याच्यामागं दुसऱ्यानं. भांडण नाही, तंटा नाही. हळूहळू रान मोकळं झालं. युया उठायला लागला तशी सार्तु त्याच्यावर खेकसली, "बसा जागंला! तुमी उठलासा तर म्या ह्ये कशापायी केलं?" आणि तिनं स्वतःच कुदळ घेतली. बाईमाणूस एकटी किती खणणार? घाव घालायची, आभाळ बघायची, पुन्हा घाव घालायची. रडू येत होतं आणि रडायला सवड नव्हती.

दुपारची नमाज झाली असेल. टेकाडापलीकडून गाण्याचा आवाज आला. सार्तुनं वर बघितलं तर सगळे गडी परत येत होते, उमरबाबा पुढं. प्रत्येकाचा गाल लिंबाएवढा फुगलेला.

"आमचं आमी खाल्लं," म्हातारा तोंडातला पाला सावरत म्हणाला. "तुझ्या हाताला पाप न्हाई. सर बाजूला. युयाची जवारी गवतात मरू द्यायची व्हय?"

तिला हसावं की कपाळ बडवावं कळेना. सोन्यासारखी माणसं! दिवस मावळायच्या आत त्यांनी सगळं रान उलटून टाकलं. एवढं नेटकं रान सार्तुनं कधी बघितलं नव्हतं, आणि तिची नजर काही रानावर ठरत नव्हती. ती पाण्याचा घडा घेऊन ओळीतून फिरत होती आणि एकेकाचं तोंड निरखत होती.

संध्याकाळी दवाखान्यातून सांगावा आला की बक्री जिवंत आहे. नुरिया त्याच्याजवळच राहणार. उमरबाबानं दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले आणि तिथंच जाहीर केलं, "उद्या बक्रीच्या रानात इर्जिक. त्याचं बी रान गवतात बुडालंय."

सार्तुला भरून आलं. "अल्ला तुमचं भलं करो, बाबा."

"आनि पोरी, नुरिया न्हाई. शेजारीन तू. तवा होजा, भाकरी, पाला, समदं तुलाच बगायचंय. आज आमी घरचं खाल्लं, पर रोज घरचं खाल्ल्यावर बाजारात इकायला काय न्ह्यायचं? बक्रीचीच झाडं कोवळी हायती. पहाटं तोडून ठेव."

आपली ज्वारी जाऊ दे म्हणणं सोपं होतं. नुरियाची ज्वारी जाऊ दे असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? नवरा दवाखान्यात आणि वर कणगीही रिकामी? तिनं युयाकडं बघितलं. युया मातीकडं बघत होता.

"तोडते," ती म्हणाली.

पहाटे बक्रीच्या झाडांचे शेंडे तिनं आपल्या हातानं तोडले, जुड्या बांधल्या आणि विसाव्याला पाटी घेऊन ओळीतून निघाली. जुडी पुढं करायच्या आधी ती प्रत्येकाला विचारत होती, "छातीत दुखतंय का रं तुझ्या? हात भरून येतोय का?"

"न्हाई वैनी," म्हणत पोरं हसत होती आणि हात पुढं करत होती.

शेवटी ती उमरबाबापाशी आली आणि त्यालाही तेच विचारलं. म्हाताऱ्यानं आधी जुडी घेतली, शेंडे खुडून गालात दाबले, आणि मग म्हणाला, "थोडं दुखतंय. पर आता थांबंल बग."