अंगातलं मर्कॅप्टन

"मृदंग ठेव इथी, अन् तू बाहेर बस बाप्पा," कीर्तनाच्या मांडवात भजनी मंडळाचा अध्यक्ष मुखरू म्हणाला.

हरिदासचा हात मृदंगाच्या दोरीवर थबकला. "काऊन?"

"बायका नाकाले पदर लावून राह्यल्या. सडल्या कांद्यावानी वास येते तुह्या अंगाचा. आज हेमराज वाजवते."

हरिदास लिंबानं अंग घासून आला होता. पण मर्कॅप्टन, कारखान्यातलं ते उग्र वासाचं रसायन, लिंबाला दाद देत नाही. भद्रावतीजवळच्या कारखान्यात तो लाकूड चिकटवायचा गम बनवायचा. टाकीत विनायल नावाच्या रसायनाचे कण एकमेकांचा हात धरून लांबच लांब साखळी करत सुटतात. मर्कॅप्टन पडलं की वाढती साखळी तिथंच थांबते आणि नवी सुरू होते. नाहीतर गम असा आळतो की टाकीतून निघता निघत नाही. ते मोजून सोडणारा पंप दिवाळीपासून बंद होता. साहेब म्हणायचे, हातानं ओता. हातमोजे मागितले की म्हणायचे, पुढच्या महिन्यात बघू. असे कितीतरी पुढचे महिने गेले.

बायकांमधून त्याची बायको रुखमा उठून आली. "हे व्यासपीठ ज्या गमनं जोडलं, तो यायनंच आणला ना? तवा नाई आला वास? मृदंग पायजे, अन् माणूस नको?"

"वहिनी, महाराज येऊन राह्यले. तमाशा नोको करू."

हरिदासची कानशिलं तापली. खाली बसून त्यानं मृदंग मांडीवर घेतला आणि डाव्या तोंडाची ओली कणीक अंगठ्यानं खरवडायला लागला. कणकेशिवाय घुमारा निघत नाही. वाजव म्हणावं हेमराजला आता!

तेवढ्यात महाराजांनी व्यासपीठावर डोळे मिटून रामकृष्णहरी सुरू केलं. टाळ उठले.

अंगठा थांबला. रागानं डोळे भरून आले होते. पण नामावर कसं रागवायचं? खरवडलेली कणीक त्यानं पुन्हा थापली, काठ बसवले, थाप मारून पाहिली आणि मृदंग हेमराजच्या गळ्यात अडकवला.

"घाई नोको करू. महाराजायच्या श्वासाकडं ध्यान ठेव."

तो बाहेर निघाला. रुखमा त्याच्या मागं निघाली, तर तिच्यावरच खेकसला, "तू आयक ना आत! मले का बाहेरून आयकू येत नाई?"

मांडवाबाहेर चपलांच्या ढिगाशी तो बसला. उशिरा आलेल्या एका पाहुण्यानं घाईघाईत चपला काढल्या.

"भाऊ, लक्ष ठेवजा जरा," म्हणत तो आत पळाला.

एक चप्पल उलटी पडली होती. हरिदास तिच्याकडे दात आवळून पाहत राहिला. मग वाकून त्यानं ती सुलटी केली.