चंद्राची वरात

चैत्राचं ऊन माथ्यावर आलं की दगडूकाकाच्या काळ्या क्लॅरोनेटच्या रुपेरी चाव्या पाण्यातल्या मासळीसारख्या लकलकत, आणि वरातीच्या धुळीतून असा एक सूर वर येई, की अणदूरच्या पांढुरक्या, तापल्या आकाशालाही क्षणभर सावली लाभल्यासारखं वाटे.

तो माझा धाकटा चुलता. निजामाच्या हैदराबादेत एका नाचघराच्या बँडमध्ये त्यानं उमेदीची वर्षं काढली. चवड्यांवर उभं राहून नाचतात त्या विलायती बॅलेचं संथ, कुलीन संगीत घ्यायचं, आणि जॅझच्या ढंगानं त्याचा ताल वाकवून, खोडकर करून वाजवायचं, हे तिथलं वेड त्यानं गावी आणलं. मी आमच्या घरातला पहिला बी.ए. बॅले आणि जॅझ हे दोन्ही शब्द मला कॉलेजात भेटले. ते संगीत मात्र मी त्याआधीच हलगीच्या साथीवर ऐकलं होतं, आणि हे मी ताठ मानेनं सांगतो.

त्यातलीच एक गत, म्हणजे ठरलेली धून, काका वरातीत वाजवी; तिच्यावर त्याची लेक चंद्रा अंगणात गिरक्या घेई.

"आबा, तुमची गत लंगडती बघा!"

"लंगडत न्हाय गं, लाडात येती. तुझ्या वरातीत बघ, नवरदेवाचं घोडं नाचतंय का न्हाय!"

निजामशाहीच्या अखेरच्या पावसाळ्यात चंद्रा तापानं फणफणली. नाकेबंदीमुळं सोलापूरकडचे रस्ते बंद होते. दवाखाना सरहद्दीपलीकडं राहिला. ओल्या वाऱ्यात ज्योत बारीक होत जावी तशी ती गेली.

आमच्यात पिकल्या माणसाला वाजतगाजत नेतात, कोवळ्याला मुक्यानं. तिरडी उचलली आणि काकानं क्लॅरोनेट ओठांना लावली. माझे वडील आडवे आले.

"दगडू, येडा झालास व्हय? लग्नातली गत मढ्याम्होरं वाजिवलीस, तर उद्या कोण दारात उभं करंल तुला?"

"तिच्या वरातीत वाजिवणार होतो म्या, दादा. तिची वरात हीच की."

वडील बाजूला झाले. चिखलाच्या वाटेनं तो एकटाच वाजवत गेला. हलगीवाले मान खाली घालून मागं चालले, कुणी थाप दिली नाही.

पुढं निजाम गेला, रस्ते खुले झाले, लगीनसराया आल्या नि सरल्या. काकाला कुणी बोलावलं नाही. ती गत अशुभ ठरली होती. तो ओट्यावर बसून राही आणि श्वासही इतका जपून घेई, की जणू त्यातून चुकून एखादा सूर निसटेल. असाच एका शिशिरात तो संपला.

परवा रेडिओवर तेच बॅले-संगीत मूळ रूपात लागलं होतं. निर्दोष, धुतल्या संगमरवरासारखं. काका ज्या ठिकाणी सूर अडवून धरी, सोडवत नसल्यासारखा, तिथून ते सरळ पुढं निघून गेलं. काळही असाच जातो. कुठं थांबायला हवं होतं, ते मागं उरलेल्यालाच ठाऊक असतं.